खडूचा कीबोर्ड

सरांच्या पिशवीतून कायम एक काळी वायर लोंबत असायची. एसटीत शेजारी बसलेला माणूस आधी वायरीकडं बघायचा, मग सरांकडं, आणि मग मागं एखादी सीट मोकळी आहे का ते बघायचा. पिशवीत पंच्यात गुंडाळलेला कीबोर्ड असे. सरांच्या लॅपटॉपची निम्मी बटणं मेली होती. "म्हातारा धडधाकट हाय, नुसते दात पडलेत," असं ते म्हणायचे आणि पंचा सोडून, कवळी बसवावी तसा तो कीबोर्ड लॅपटॉपसमोर ठेवायचे.

सर मढचे. तिथून जुन्नर, जुन्नरहून घोडेगाव आणि पुढं आमचं कॉलेज, असा त्यांचा रोजचा प्रवास. एवढ्या लांबून ते यायचे ते आठवड्यातल्या मोजक्या तासांसाठी, कारण ते तासिका तत्त्वावर होते. म्हणजे जितके तास शिकवाल तितका वेळ तुम्ही प्राध्यापक, उन्हाळ्याच्या सुट्टीत तुम्ही कोणी नाही. जून उजाडला की नेमणुकीचं पत्र येणार की नाही याची वाट बघत बसायचं. आलं तर पुढचं वर्ष, नाही आलं तर विचारायला तोंड नाही. माणसाला दरवर्षी नव्यानं जन्म घ्यायला लावणारी ही पद्धत ज्यांनी काढली त्यांच्याविषयी माझं एक वेगळं पत्रक आहे, ते इथं घालत नाही.

पत्रकांचं सांगायला हवं. आमचे वडील वायरमन. लोकांच्या घरी फिटिंग करतात. पण त्यांच्या टूलबॉक्सच्या तळाला पक्कड आणि टेस्टरच्या खाली कायम पत्रकांचा गठ्ठा असायचा. सभा कुठलीही असो, मोर्चा कुणाचाही असो, पत्रक घरी आणायचं आणि जेवताना मोठ्यानं वाचायला मला बसवायचं. 'धिक्कार' हा शब्द मला 'धरण'च्या आधी लिहिता यायला लागला. त्यामुळं कॉलेजात आल्यावर मी अन्याय शोधत होते, आणि तो मला फार शोधावा लागला नाही.

विद्यापीठानं बीएच्या दुसऱ्या वर्षाला 'डिजिटल कौशल्ये' हा दोन क्रेडिटचा विषय सक्तीचा केला होता. 'विद्यार्थी डिजिटल साधने आत्मविश्वासाने हाताळू शकेल' असं अभ्यासक्रमाच्या पहिल्याच पानावर उद्दिष्ट होतं. आमच्या कॉलेजात वीस नवे संगणक आले होते. त्यांना हार घातले होते, फीत कापली होती आणि त्या दिवसापासून लॅबला कुलूप होतं. किल्ली हेडक्लार्क भाऊसाहेबांच्या शर्टाच्या आतल्या खिशात, सुतळीनं बनियनला बांधलेली. कधी उघडणार विचारलं की भाऊसाहेब म्हणायचे, "तपासणीची समिती येऊन जाऊ द्या." समिती कधी येणार विचारलं की म्हणायचे, "तारीख यायचीये." खिडकीच्या काचेतून बघितलं तर वीस संगणक प्लॅस्टिकच्या आच्छादनाखाली ओळीनं बसलेले दिसायचे, पावसात इरली घेऊन वाकलेल्या बायांसारखे.

दुसऱ्या कुणी सरांच्या जागी अभ्यासक्रम डिक्टेट केला असता. सगळीकडं तेच चालतं. माझी एक मैत्रीण दुसऱ्या एका कॉलेजात होती. तिनं 'प्रात्यक्षिक चार: माऊसचा वापर' हे वहीत लिहून, शेजारी पेन्सिलीनं उंदरासारखा माऊस काढून, सही घेऊन विषय पास केला. सरांनी पहिल्या दिवशी आम्हाला व्हरांड्यात नेलं, खिशातून खडू काढला आणि गुडघ्यावर बसून फरशीवर कीबोर्ड काढायला घेतला. एकेक बटण पाटाएवढं. अर्धा तास गेला. कपाळावर खडूचे पट्टे उमटले. मग ते उठले, कंबर धरली आणि म्हणाले, "हं पावणं, चढा."

सर सगळ्यांना 'पावणं' म्हणायचे, पोरींनाही, प्राचार्यांनाही. प्राचार्यांना ते आवडत नसे. पण सर म्हणायचे की लॅबच्या दाराबाहेर उभं असलेलं प्रत्येक माणूस पाहुणंच असतं.

तर आम्ही त्या कीबोर्डवर उड्या मारून स्वतःची नावं टाइप करायला शिकलो. ज्या बटणावर उडी पडेल ते अक्षर एक जण फळ्यावर लिहायचा. शिफ्ट दाबून धरायला दुसरा माणूस लागायचा. एकदा शिफ्टवर उभा असलेला गणेश पेंगला आणि पुढच्या मुलाचं अख्खं आडनाव चुकलं. माझ्याकडं बॅकस्पेस होता. कुणी चुकीच्या बटणावर उडी मारली की मी जायचं, ओलं फडकं घेऊन मागं सरायचं आणि फळ्यावरचं शेवटचं अक्षर पुसायचं. क्रांतीची भाषा पाठ असलेल्या मुलीला हे काम. मी सरांना विचारलं की मला एंटर का नाही. ते म्हणाले, "तुमाला पुढं जायची लई घाई हाय. तुमी आधी मागं यायला शिका."

हे मला झोंबलं. तक्रारीचं बी तिथंच पडलं.

सरांच्या शिकवण्यात दोन गोष्टी ठाम होत्या. एक म्हणजे पाणी. व्हरांड्याच्या टोकाला माठ होता. काहीही पाठवायचं असेल, ईमेल असो नाहीतर फॉर्म, बटण दाबायच्या आधी उठायचं, माठापर्यंत चालत जायचं, पेलाभर पाणी प्यायचं आणि परत येऊन पुन्हा एकदा वाचायचं. तहान असो वा नसो. आम्हाला हसू यायचं. सरांच्या मते जगातली निम्मी भांडणं लोकांनी पाणी न पिता पाठवल्यामुळं होतात.

दुसरी म्हणजे ओटीपी. सर अधूनमधून नवीन नंबरवरून आम्हाला फोन करायचे आणि टीव्हीवरच्या हिंदीत बोलायचे. "मैं विद्यापीठ से बोल रहा हूँ. आपके मोबाइल पे ओटीपी आया है, बताइए." सरांचं हिंदी असं होतं की त्यातल्या 'विद्यापीठ'मधून मढ दिसायचं. तरी वर्गातल्या सोळा जणांनी ओटीपी सांगितला. दुसऱ्या दिवशी त्यांना उभं केलं. त्यांचं म्हणणं एकच: सरांचा आवाज ओळखला, सरांनी मागितलाय म्हणून दिला.

"मी मागितला तरी द्यायचा न्हाई," सर म्हणाले. "वळखीचा माणूसच पयला मागतो."

तोच फोन त्यांनी भाऊसाहेबांनाही केला होता. भाऊसाहेबांनी आकडे सांगितले, पुन्हा एकदा सावकाश सांगितले आणि विचारलं की लेखी हवं असेल तर शिक्का मारून पाठवू का.

दोन महिने झाले. अभ्यासक्रमातली तीन एककं संपली. आमच्यातल्या एकाचंही बोट खऱ्या संगणकाला लागलं नव्हतं. सरांच्या लॅपटॉपवर चौतीस जणांनी पाळीपाळीनं एकेक ओळ लिहायची, एवढीच मजल. मी ठरवलं की आता बास. घरी जाऊन फुलस्केपवर तक्रार लिहिली. मथळा होता 'कुलूपबंद संगणक आणि खडूचा कीबोर्ड: एक जाहीर सवाल'. पहिलंच कलम सरांवर होतं, की सदर प्राध्यापक विद्यार्थ्यांना व्हरांड्यात उड्या मारायला लावतात. दुसरं कुलपावर. तिसरं व्यवस्थेवर. चौथं पुन्हा व्यवस्थेवर, कारण तिसऱ्यात मावलं नव्हतं. सकाळी लवकर जाऊन मी ती नोटीसबोर्डावर चिकटवली आणि लांबून बघत उभी राहिले.

सर आले. वाचायला लागले. मग त्यांनी खिशातून लाल पेन काढलं आणि बोर्डावरच तपासायला सुरुवात केली. दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ, एका ठिकाणी प्रश्नचिन्ह. खाली लिहिलं: 'दहापैकी साडेसहा. तारीख नाही. कोणाला लिहिलंय ते नाही. मागणी तळाशी आहे, वर आणा.' अर्धा गुण कशाचा ते नंतर कळलं. लोक नेहमी 'जातीने लक्ष घालावे' असं लिहितात. मला तो शब्द चालत नाही. मी तिथं 'स्वतः लक्ष घालावे' असं लिहिलं होतं. त्या 'स्वतः'खाली सरांनी लाल रेघ मारून शेजारी बरोबरची खूण केली होती.

तासाला ते कागद घेऊनच आले. पुढचं प्रात्यक्षिक मेल मर्जचं होतं. म्हणजे एकच पत्र, पण प्रत्येकाच्या नावानं वेगवेगळं जातं, ते तंत्र. सर म्हणाले की इतके दिवस नमुना पत्र काय घ्यावं ते सुचत नव्हतं, आता पावण्यांनी दिलं.

मी म्हटलं, "सर, ही तुमच्याविरुद्धची तक्रार आहे."

"मग काय, प्रॅक्टिकल खोटं करायचं व्हय?"

मला तेव्हा ते धाडस वाटलं नाही, तऱ्हेवाईकपणा वाटला. जूनमधल्या पत्रावर ज्याचं घर चालतं तो माणूस स्वतःविरुद्धची तक्रार वर्गाकडून नीटनेटकी टाइप करून घेत होता, समास सारखे करत होता आणि 'पहिलं कलम ठळक अक्षरांत घ्या' म्हणत होता.

आता चूक कशी झाली ते नीट सांगते, कारण ती माझी आहे.

आधीच्या प्रात्यक्षिकात सरांनी आमच्याकडून यादी करून घेतली होती. प्रत्येकानं आपल्या गावातल्या पाच माणसांची नावं आणि ईमेल त्यांना विचारून आणायचे. पुढं या सगळ्यांना ओटीपीच्या फसवणुकीवरच्या कार्यक्रमाचं आमंत्रण पाठवायचं असा त्यांचा बेत होता. आम्ही गावागावांत विचारत फिरलो. डिंभ्यापासून मंचरच्या वाटेपर्यंत बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळालं: "ईमेल व्हय, ते अण्णाला ठावं." अण्णा म्हणजे घोडेगावच्या बाजारपेठेत ऑनलाइन फॉर्म भरून देणारे. मग आम्ही लोकांना विचारून अण्णांकडं गेलो, त्यांनी रजिस्टर उघडून भराभर ईमेल सांगितले. चौतीस पंचे एकशे सत्तर नावं झाली. ही यादी एका फाइलीत पहिल्या पानावर होती. तक्रार ज्यांना पाठवायची होती ते तिघे, म्हणजे प्राचार्य, संस्थेचे सचिव आणि विद्यापीठातले संबंधित अधिकारी, त्याच फाइलीत दुसऱ्या पानावर होते.

त्या दिवशी सरांनी मला पहिल्यांदा एंटर दिला. मी लॅपटॉपसमोर बसले. पत्र निवडलं, यादी निवडली. मग उठले, माठापर्यंत गेले, पाणी प्यायले, परत आले, पत्र शब्दन् शब्द वाचलं. यादी वाचली नाही. पत्र माझं होतं ना. बटण दाबलं.

पडद्यावर आकडा चालू झाला. एक, दोन, तीन. तिथं थांबायला हवा होता. चार झाला. पाच झाला. मागं तेहतीस डोकी वाकलेली. कुणीतरी हळूच म्हणालं, "आयला, हे तर आमच्या गावाला चाललंय." सरांच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर आकडा सावकाश, न थकता एकशे सत्तरपर्यंत चढत गेला. मी सरांकडं बघितलं. ते पंच्यानं कपाळ पुसत होते.

"आता बघा," ते म्हणाले, "बॅकस्पेस कुठं घावतो का."

दोन दिवस काही झालं नाही. आम्ही एकमेकांची समजूत काढली की गावात ईमेल कोण बघतंय. ते खरंच होतं. ईमेल गावात कुणीच बघत नव्हतं. ते सगळे अण्णा बघत होते. फॉर्म भरताना ईमेल सक्तीचा असतो म्हणून अण्णांनीच लोकांचे ईमेल काढून दिले होते, आणि त्यातले बहुतेक अण्णांच्याच फोनवर चालू होते. पुढं अण्णांनी मला सांगितलं की त्या दुपारी फोन काउंटरवरून थरथरत सरकत जाऊन स्टेपलरला धडकला. त्यांना आधी वाटलं की सेंटरची चौकशी लागली.

अण्णांची एक पद्धत होती. कुणाच्याही ईमेलवर काही आलं की ते छापायचं, आणि भिंतीवर खिळ्यांना गावागावांच्या पिशव्या टांगलेल्या असायच्या, त्यात टाकायचं. बाजाराच्या दिवशी गावातलं कुणी आलं की पिशवी त्याच्या हातात. अण्णांनी आमची तक्रार इमानानं छापली. प्रत्येक कागदावर वर त्या त्या माणसाचं नाव आणि गाव. बाजाराच्या दिवशी ती कोथिंबिरीच्या जुड्यांबरोबर डोंगरापर्यंत पोचली.

आता विचार करा. ज्या माणसाला आयुष्यात कॉलेजनं कधी विचारलं नाही, त्याच्या हातात त्याच्या स्वतःच्या नावानं कागद येतो. 'मा. श्रीमती चंद्रभागाबाई, आपल्या भागातील कॉलेजात वीस संगणक कुलपात आहेत. आपण स्वतः लक्ष घालून सदर कुलूप उघडावे, ही विनंती.' मी आयुष्यभर पत्रकं वाचली होती, त्यात नेहमी 'बंधूंनो आणि भगिनींनो' असायचं. त्यानं कुणी उठत नाही, कारण ते सगळ्यांना असतं. हे मात्र चंद्रभागाबाईंना होतं. त्या आल्या.

सोमवारी सकाळी कॉलेजात साठेक माणसं होती. प्रत्येकाच्या हातात घडी केलेला कागद. घोषणा नाही, आरडाओरडा नाही. दवाखान्यात नंबर लावून बसावं तशी मंडळी व्हरांड्यात, खडूच्या कीबोर्डावर बसली होती. प्राचार्य बाहेर आले आणि नेतृत्व कोण करतंय असं त्यांनी विचारलं. लोक एकमेकांकडं बघायला लागले. चंद्रभागाबाई उठल्या, त्यांनी कागद पुढं केला.

"माझ्या नावानं आलंय. कुठंय ते कुलूप?"

प्राचार्य समितीचं सांगू लागले. बाई त्यांना ओलांडून भाऊसाहेबांपाशी गेल्या, त्यांच्याकडं नीट निरखून बघितलं आणि त्यांचं गाव विचारलं. मग आईचं नाव विचारलं.

"ती तर माझ्या माहेरची हाय," त्या म्हणाल्या. "उघड की भाऊ. का तिला बोलवून आणू?"

भाऊसाहेबांनी शर्टाची वरची दोन बटणं काढली. बनियनला बांधलेल्या सुतळीची गाठ सुटेना, तेव्हा ते तसेच कुलपाला टेकून, छातीनं दार ढकलल्यासारखे उभे राहिले आणि किल्ली फिरवली.

आत शिरल्यावर मी पहिल्या संगणकाचं आच्छादन ओढलं आणि बटण दाबलं. काही झालं नाही. दुसऱ्याचं दाबलं, तिसऱ्याचं दाबलं. माझ्या मागून एक हात पुढं आला, त्यात टेस्टर होता. माझे वडील. त्यांनाही पत्र आलं होतं, यादीत त्यांचं नाव मीच घातलं होतं. त्यांनी एक बोर्ड उघडला, दुसरा उघडला आणि वळून म्हणाले, "याला आत वायरच नाय ओढलेली. नुसते बोर्ड ठोकलेत."

भिंतीवर वीस बोर्ड होते आणि मागं काहीच नव्हतं. भाऊसाहेब खुर्चीत बसले. मला त्यांच्यावर लिहिलेलं दुसरं कलम आठवलं. ते उठून गेले आणि एक फाइल घेऊन आले. त्यात कंत्राटदाराला त्यांनी पाठवलेली पत्रं होती, सगळी हातानं लिहिलेली, प्रत्येकावर तारीख. एकाचंही उत्तर नव्हतं. फीत कापून झालेल्या लॅबमध्ये वीज नाही हे सांगायची त्यांना लाज वाटत होती, म्हणून ते किल्ली छातीशी धरून बसले होते.

वडिलांनी आणि गावातल्या आणखी दोघांनी तीन दिवसांत वायरिंग केलं. समिती नंतर आली, तिनं लॅबचं कौतुक केलं आणि चहा घेऊन गेली.

पण सरांचं मिटलं नाही. संस्थेच्या सचिवांना खाली बघावं लागलं होतं, आणि वरून खाली बघावं लागलेला माणूस कुणाला तरी आणखी खाली ढकलतो. प्राचार्यांनी सरांना आणि मला केबिनमध्ये बोलावलं. ते म्हणाले की 'हे चुकून गेलं, मजकूर मागे घेतो' एवढं लिहून द्या, म्हणजे सरांच्या पुढच्या वर्षाच्या पत्राला अडचण येणार नाही. प्राचार्य दुष्ट नव्हते, त्यांनाही वर उत्तर द्यायचं होतं. कोरा कागद माझ्यापुढं सरकवला.

मी पेन उचललं. इतकी वर्षं पाठ केलेलं सगळं त्या वेळी ओठांवर आलं, पण समोर सरांची पिशवी होती, तिच्यातून वायर लोंबत होती. मी लिहायला लागले.

"पावणं," सर म्हणाले, "तुमी लिहिलेलं खरं व्हतं का खोटं?"

"खरं होतं."

"मग मागं काय घ्यायचं?" मग प्राचार्यांकडं वळून म्हणाले, "तिची चूक यादीची हाय, मजकुराची न्हाई. यादीचे दोन गुण मी कापलेत. आणि कलम एक तर लईच खरं हाय. मी पोरांना उड्या मारायला लावतो."

माझे प्रात्यक्षिकाचे गुण खरंच कापले गेले. त्या आठवड्यात सरांनी नवा नियम केला: पाणी पिऊन आल्यावर आधी यादी वाचायची, मग पत्र.

जून आला. पावसाळी सत्राची तयारी सुरू झाली. सरांना पत्र नव्हतं. अवसरीकडचा कुणी उमेदवार त्या तासांसाठी विचारून गेल्याचं कानावर आलं. मी दोनदा ऑफिसात चौकशी केली, भाऊसाहेब फायलीतून मान वर काढेनात. फोनवर सर स्वतः त्याबद्दल काहीच बोलायचे नाहीत, पाऊस किती आणि भात कुठवर आलं एवढंच.

लॅब मात्र चालू होती. परीक्षा संपल्यावरही आम्ही काही जण तिथं बसून अण्णांच्या रजिस्टरातल्या लोकांना त्यांचे ईमेल त्यांच्याच फोनवर चालू करून देत होतो. चंद्रभागाबाईंनी पासवर्ड ठेवला तो कुणालाच सांगितला नाही आणि दोन दिवसांनी स्वतःही विसरल्या. त्या म्हणाल्या की सरांनी सांगितलं तसंच केलं.

मग एके दिवशी तासिका तत्त्वावरच्या सगळ्या प्राध्यापकांना कॉलेजकडून ईमेल गेला. नेमणूक झाली होती. गावकऱ्यांपैकी बरेच जण संस्थेच्या सभेला स्वतः लक्ष घालायला गेले होते असं नंतर कळलं, त्यांना आता सवय लागली होती. मी आनंदानं सरांना फोन केला. सर म्हणाले, "पत्र आलंय. मी रुजू व्हणार न्हाई."

त्यांनी ते मला पाठवलं. वर लिहिलं होतं: 'श्री./श्रीमती «नाव» यांस, आपली «विषय» या विषयासाठी नेमणूक करण्यात येत आहे.' मेल मर्ज करताना यादी जोडायचीच राहिली होती, कोरा नमुनाच सगळ्यांना गेला होता. बाकीचे सगळे प्राध्यापक त्याच पत्रावर निमूट रुजू झाले होते. इतक्या वर्षांत आपण «नाव» आहोत याची त्यांना सवय झाली असावी.

मी सरांना समजावलं. ती जागा जाईल, प्राचार्य चिडलेत, तुम्ही नुसतं येऊन सही करा, नाव मागून घालता येईल.

"हे पत्र कुणालाबी आलंय," सर म्हणाले. "मला येऊ द्या. मग येतो."

मी ऑफिसात गेले. भाऊसाहेब संगणकासमोर एकटे बसले होते, चेहरा पडलेला. त्यांनीच ते पत्र पाठवलं होतं. कुणाला न विचारता, पहिल्यांदाच. व्हरांड्यात सरांचा तास चालायचा तेव्हा ऑफिसची खिडकी उघडी असायची, ते आतून ऐकून शिकले होते. यादीचा तास झाला त्या दिवशी ते पंचायत समितीत गेले होते.

मी खुर्ची ओढून शेजारी बसले. यादी कशी जोडायची ते दाखवलं, पण बटण त्यांनाच दाबायला लावलं. त्यांनी एका बोटानं सरांचं नाव टाइप केलं. पूर्ण नाव, वडिलांचं नाव, आडनाव. ते मी पहिल्यांदाच वाचत होते. आम्ही वर्षभर नुसतं 'सर' म्हणत होतो, आणि स्वतःला लोकांच्या बाजूची समजणाऱ्या मी एकदाही त्यांचं नाव विचारलं नव्हतं. माझ्या तक्रारीत ते 'सदर प्राध्यापक' होते.

भाऊसाहेब पाठवायच्या आधी थांबले. उठले. व्हरांड्यातून माठापर्यंत गेले, पाणी प्यायले, परत आले, आधी यादी वाचली, मग पत्र वाचलं, तारीख बघितली. बटण दाबलं आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

पाच-सहा मिनिटांनी त्यांचा मोबाइल वाजला. अनोळखी नंबर. त्यांनी मला ऐकू यावं म्हणून स्पीकर लावला.

"मैं विद्यापीठ से बोल रहा हूँ," पलीकडून गंभीर आवाज आला. "आपके मोबाइल पे ओटीपी आया है, बताइए."

भाऊसाहेबांनी माझ्याकडं बघितलं. मग फोन जवळ घेतला.

"सर, आवाज वळखलाय मी तुमचा," ते म्हणाले. "तरी न्हाई सांगणार."

पलीकडचं हिंदी तिथंच संपलं.

"उद्याच्या पयल्या एसटीनं येतो," सर म्हणाले. "खडू आणून ठिवा."

मी म्हटलं, सर, आता खडू कशाला, वीस संगणक चालू आहेत. पण फोन ठेवला गेला होता. भाऊसाहेब कपाटातून खडूची पेटी काढत होते.